खुर्चीतला नवरा

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले, उत्तराला उशीर केला म्हणून रागावू नकोस. रागावलास तर तो राग तिकडे तू बनवतोस त्या कवळ्यांवर काढ. फोन का केला नाही हे तुला सांगायला नको. आईबाबांच्या घरातला फोन जिन्याखाली. मी तिथून तुला फोन लावला की आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहते आणि बाबा जिन्याच्या वरच्या पायरीवर. दोघंही आपण काही ऐकत नाही असा चेहरा करतात. अशा फोनवर खासगी बोलायचं म्हणजे कपाळ.

तर बातमी अशी. आमच्या नाट्यगृहाच्या समितीने यंदाचं नाटक बसवायला मला सांगितलंय. इतकी वर्षं इतरांवर दिवे टाकले, आता कुठे माझ्यावर थोडा उजेड पडला. मी हुरळून जाणार तेवढ्यात अध्यक्षबाई म्हणाल्या की नाटक मात्र तेच, म्हाताऱ्या नवरा-बायकोचं. जुनं आहे, गाजलेलं आहे, हशा हमखास आहे.  आपल्या घरात त्या नाटकाचं नाव काढायची सोय राहिली आहे का?

घरची परिस्थिती जैसे थे. परवा संध्याकाळी मी दोघांच्या मध्ये बसले होते. आईने मला सांगितलं की तुझ्या वडिलांना विचार, गोळी घेतली का. बाबा हातभर अंतरावर. ते माझ्याकडे बघून म्हणाले की तिला सांग, घेतली. मी सांगितलं. मग आई म्हणाली की त्यांना सांग, डबीत तर दिसतेय. टेनिसच्या जाळीची काय अवस्था होत असेल ती मला कळली.

ऑडिशन सुरू आहेत. आमची रीत अशी की नवखा असो की मुरलेला, प्रत्येकाने एकेकट्याने आत यायचं, समोरच्याची वाक्यं आमचे मॅनेजर वाचणार, मी शेवटच्या रांगेत. नवऱ्याच्या कामासाठी सलूनवाले आले. माणूस गोड, पण स्वतःच्याच वाक्याला आधी स्वतः हसतात. निवृत्त पोस्टमास्तर आले. आवाज खणखणीत, पण हात एक क्षण जागेवर राहत नाहीत. बायकोच्या कामासाठी औषधांच्या दुकानातल्या बाई आल्या आणि प्रेमाचं वाक्यही दिवसातून दोनदा जेवणानंतर घ्यायचं असल्यासारखं म्हणाल्या.

आणि शेवटी, नाव न नोंदवता, इस्त्रीचा कोट घालून, बाबा. मला ओळखही दाखवली नाही. मला मॅडम म्हणाले. आणि काय केलं म्हणून सांगू, नुसते चष्मा पुसत उभे राहिले तरी मॅनेजर वाचायचं सोडून हसत बसले. तो म्हातारा त्यांच्याइतका कुणालाच जमणार नाही. पण त्यांच्यासमोर बायको म्हणून मी कुणाला उभी करू? डोकं चालेनासं झालंय. तुझं चालत असेल तर कळव.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. माया आहे तेवढी राहू दे, वाढवलीस तर आणखी बरं.

तुझी,
ताई


ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दिग्दर्शिकाबाईंचं अभिनंदन. पत्र वाचून हिला आनंद झाला आणि मला धडकी भरली. हिला लग्नानंतर कधी कुणी नीट सांगितलंच नव्हतं की आईबाबा एकमेकांशी का बोलत नाहीत. काल बसून सगळं सांगितलं, आणि सांगताना मलाच हसू येईना.

ती म्हणाली, एवढ्याशा वाक्यावरून? मी म्हटलं, वाक्य एवढंसंच. त्या नाटकात बायको नवऱ्याला म्हणते की दार लावून घ्या, वारा येतोय. हे वाक्य दुसऱ्या अंकातही येतं आणि तिसऱ्यातही. आईबाबा त्यात नवरा-बायको झाले होते, तेव्हा पहिल्या प्रयोगाला आईने ते दुसऱ्या अंकात म्हटलं आणि बाबांनी उत्तर दिलं तिसऱ्या अंकातलं. झालं. विंगेतला नोकर दिवा घेऊन आत आला, पाठोपाठ जावई आला, गाडी पुढच्या स्टेशनात. मधली पानंच्या पानं गेली आणि त्यात आईचा तो मोठा प्रसंग गेला, नवरा खुर्चीत झोपलाय असं समजून ती त्याच्याशी एकटीच बोलते तो. महिनोनमहिने घोकलेला. तरी ती सावरून घेऊन शेवटपर्यंत उभी राहिली. नंतर कपडे बदलताना बाबा तिला म्हणाले की चिंता करू नकोस, कुणाला कळलंसुद्धा नाही.

हिने ते ऐकलं. मग म्हणाली की मीही बोलले नसते. बायकांचं एकमेकींत कसं लगेच जुळतं बघ.

पुढच्या प्रयोगांना आई उभी राहिली नाही, औषधवाल्या बाई हातात वही धरून उभ्या राहिल्या, आणि तेव्हापासून घरात हे भिजत घोंगडं. दरवेळी घरी आलो की दोघं आणखी थकलेली दिसतात. एक जण पडला तर दुसऱ्याला हाक कुणी मारायची, या विचाराने माझी झोप उडते. ताई, बाबांना काम दे किंवा देऊ नकोस, पण आईला यात ओढू नकोस. आहे ते निदान शांत तरी आहे.

इकडे कामाचा ढीग आहे. एका गृहस्थांनी कवळी परत पाठवली, हसू खोटं दिसतं म्हणून. मी कळवलं की दात माझे, हसू तुमचं.

लोभ होता तसाच ठेव, चिडलीस तरी.

तुझा,
धाकटा


ता. १४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझा सल्ला आला, पण वरात निघून गेल्यावर. आईला मी ओढलं नाही, ती आपल्या पायांनी चालत आली.

मंगळवारी सगळे गेले असं समजून मी दिवे मालवत होते. बघते तर दारात आई, हातात भाजीची पिशवी. मला वाटलं निरोप असेल. तर ती सरळ रंगमंचावर चढली, पिशवी कडेला ठेवली आणि मॅनेजरना म्हणाली की खुर्ची मांडा. तोच प्रसंग करणार म्हणाली. मॅनेजर बिचारे जुन्या सवयीने आतून उशी घेऊन आले आणि खुर्चीत बसवली. तुला ठाऊक नसेल, त्या वेळच्या तालमींत हा प्रसंग आला की बाबा चहा प्यायला बाहेर जायचे. त्यांना त्यात वाक्य नाही, तोंडावर रुमाल टाकून झोपायचं फक्त. म्हणून त्यांच्या जागी उशी असायची. आई सगळी तालीम उशीसमोर करायची.

धाकट्या, तिने सुरुवात केली तेव्हा मी हसले. ती म्हातारी झोपलेल्या नवऱ्याला सांगते की तुमच्या त्याच त्या विनोदाला मी पाहुण्यांसमोर आजवर हसत आले, आता थकले. भांडण झालं की तुमचा चष्मा मीच लपवायची, निदान तो मागायला तरी याल म्हणून. मग हळूहळू हसणं थांबतं. ती म्हणते की जागे असता तेव्हा तुम्ही बोलू देत नाही, झोपता तेव्हा ऐकत नाही, मग मी बोलायचं कधी. हे आईने उशीकडे बघून म्हटलं. आवाज चढवला नाही, काही नाही. मॅनेजरनी चष्मा काढून डोळे पुसले. मी अंधारात बसून रडले, आणि मला एकच वाटत राहिलं, हे तिने एकदाही कुणाला दाखवलेलं नाही.

मग पिशवी उचलून ती खाली उतरली. म्हणाली की काम दिलंस तर करीन. हा प्रसंग एकदा भरल्या नाट्यगृहात करायचाय, मग मला काही नको. खुर्चीत कोण ते तू ठरव, पण तुझे वडील बसणार असतील तर उशीच राहू दे. मी म्हटलं की उशीला तिसऱ्या अंकात वाक्यं आहेत. तर म्हणाली, ते तुझं तू बघ.

आता सांग. सगळ्यांत सरस ती दोघंच, आणि एकमेकांसमोर उभं करायची चोरी. बाबांना वगळलं तर ते कोलमडतील, त्यांनी तर मिशीसुद्धा वाढवायला घेतली आहे. दोघांना घेतलं तर आई जाईल, आणि हा प्रसंग पुन्हा राहील तो कायमचा. आईचं आता वय काय राहिलंय? पुढच्या आठवड्यात फलकावर नावं लावायची आहेत. माझे हात टेकलेत.

लवकर लिही. प्रेमात काटकसर नको.

तुझी,
ताई


ता. १६ फेब्रुवारी

चिरंजीवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, तुझ्या ताईने मला अजून होकार दिलेला नाही. विचारलं तर विषय बदलते. मॅनेजर मला पाहिलं की फाइलीत डोकं घालतात. यात कुठेतरी तुझी आई आहे हे मला न सांगता कळतं. इतकी वर्षं चष्म्याचं दुकान चालवलं, कुणाला काय दिसत नाही ते ओळखणं हाच धंदा होता.

तू मधे पड. मी कुणाशीही काम करायला तयार आहे. फक्त औषधवाल्या बाई नकोत, त्यांच्यासोबत उभं राहिलं की आपण आजारी आहोत असं वाटू लागतं. तुझ्या आईबरोबर करायला तर मी कधीही तयार होतो. तीच तोंड फिरवून बसली आहे. माझं चुकलं हे मी नाकारत नाही. एक वाक्य इकडचं तिकडे झालं. रंगभूमीवर कुणाचं होत नाही? त्या दिवशी तिचा चेहरा पडलेला पाहिला, म्हणून धीर द्यायला म्हणालो की कुणाला कळलं नाही. ते खरंही होतं. टाळ्या जोरात पडल्या होत्या. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. धीर देण्यात माणसाने काय गुन्हा केला हे मला आजतागायत उमगलेलं नाही.

त्या प्रसंगात एवढं काय आहे तेही मला माहीत नाही. मी त्यात झोपलेला असतो.

घर फार शांत वाटतं रे. रेडिओ लावतो, मग त्याचाही राग येतो. असो. सूनबाईस आशीर्वाद. म्हाताऱ्यावर लोभ असावा, त्यात कुचराई नसावी.

तुझे,
बाबा


ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी माझे शब्द मी मागे घेतो. बाबांचं पत्र सोबत पाठवतोय, शेवटून दुसरा परिच्छेद नीट वाच. मी वाचला आणि कपाळावर हात मारला. त्यांनी तो प्रसंग ऐकलेलाच नाही ताई. तालमीत ते चहाला, खुर्चीत उशी, आणि प्रयोगात तर तो झालाच नाही. आपण काय तोडलं हे त्यांना ठाऊकच नाही. ते बिचारे एका वाक्याची माफी मागायला तयार आहेत, आणि आईला त्या वाक्याचं काही पडलेलंच नाही.

ही म्हणाली की समोर बसवा आणि ऐकवा. पण समोर बसवलं तर आई तोंड उघडणार नाही. मग मला एक सुचलं, वेडगळ वाटलं तर फाडून टाक. तुमची ऑडिशन बोलण्याची असते ना? यावेळी झोपेची घे. नवऱ्याच्या कामाला जेवढे उरलेत तेवढ्यांना एकामागून एक खुर्चीत बसव, तोंडावर रुमाल टाकून, आणि आईला प्रत्येकासमोर तो प्रसंग करू दे. निवड आईने करायची. चेहरा झाकलेला, तेव्हा तिची अट मोडत नाही. आणि बाबांना ऐकावं लागेल, तोंडावर रुमाल असताना बाहेर चहाला जाता येत नाही.

तिने दुसऱ्या कुणाला निवडलं तर? तर बाबांचं काम जाईल, मान्य. पण त्यांनी एकदा ऐकलेलं तरी असेल.

काय होतं ते तारेने कळव म्हणणार होतो, पण तू कंजूष. पत्राने कळव. लोभ दुप्पट हवा, कल्पना माझी आहे.

तुझा,
धाकटा


ता. २७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

केलं तू सांगितलंस तसं. समितीला वाटलं माझं डोकं फिरलं. अध्यक्षबाईंनी विचारलं की झोपेचीही परीक्षा असते का. मी म्हटलं, नाटकात सगळ्यात अवघड तेच असतं, आणि हे मी थाप म्हणून म्हटलं होतं, पण खरं निघालं.

तिघांना सारखेच झगे दिले, सारखे रुमाल. बाबांना सांगितलं तेव्हा म्हणाले, बसायचंच ना नुसतं? आणि ऐटीत तयार झाले. आईला सांगितलं की कोण कोण आहे ते विचारू नकोस, फक्त पहिला, दुसरा, तिसरा एवढंच सांग. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग बरं म्हणाली. 

सलूनवाले पहिले. चष्मा लपवण्याचं ऐकून त्यांचं पोट असं गदगदायला लागलं की रुमाल खाली पडला. पोस्टमास्तर दुसरे. लोकांचं आपल्याकडे लक्ष राहावं म्हणून ते घोरले, तेही तालात, आणि झोपेतही हात हलवले. आईने दोघांसमोर प्रसंग शेवटपर्यंत केला. मग मी बाबांना बसवलं.

सुरुवातीला ते नेहमीसारखे बसले, पाय लांब करून, राजासारखे. मग ती बोलत गेली तसे पाय आत गेले. हाताने खुर्चीचा हात धरला होता, ती पकड घट्ट झाली. रुमाल आधी श्वासाबरोबर हलत होता, तो हलायचा थांबला, मला वाटलं काही झालं की काय. तुम्ही बोलू देत नाही या वाक्यापाशी ती आली तेव्हा ते इतके निश्चल बसले होते की मला उशीची आठवण झाली. नाही, उशी एवढं ऐकत नसते.

आईने प्रसंग संपवला, पाणी प्यायली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली की तिसरा. मी रुमाल काढायला सांगितलं. बाबांनी काढला. आईने एकदा पाहिलं, आपला चष्मा डबीत ठेवला आणि मला विचारलं की तालीम किती वाजता. मलाच विचारलं, त्यांना नाही. तिला माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे, मला ताकास तूर लागू दिली नाही.

नंतर बाबा बाहेरच्या बाकावर झगा न काढता बसून होते. पाणी मागितलं. मग हळूच विचारलं की त्या दिवशी माझ्यामुळे गेलं ते हेच का. मी हो म्हटलं.  मी पण बसून राहिले शेजारी. एवढा बोलका माणूस, मला त्यांना असं बघवत नव्हतं.

नावं फलकावर लागली आहेत. दोघं तालमीला वेगवेगळ्या रस्त्यांनी येतात. रंगमंचावर एकमेकांशी कडाकडा भांडतात आणि खाली उतरले की पुन्हा मी आहेच निरोप्या. पण बाबा आता चहाला जात नाहीत. दार लावून घ्या हे वाक्य आलं की सगळं नाट्यगृह श्वास रोखून धरतं, आणि ते बरोबर उत्तर देतात.

प्रयोगाला तुम्हाला येता येणार नाही हे तुझ्या नंतरच्या कार्डात वाचून वाईट वाटलं. तुझ्यावरची माया वाढवली आहे, दुप्पट नाही, दीडपट.

तुझी,
ताई


ता. १२ एप्रिल

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

ताईचं पत्र तुला मिळेलच, तिने सगळं रंगवून सांगितलं असेल. तिला एक सवय आहे, जिथे तिथे प्रकाश टाकायचा. म्हणून काय झालं ते माझ्याकडून ऐक.

काल दुपारचा पहिला प्रयोग. नाट्यगृह भरलेलं. आधी एक सांगते. ताईला वाटतं की त्या दिवशी खुर्चीत कोण ते मला कळलं नव्हतं. अरे, रुमालाने तोंड झाकतं, पाय नाही झाकत. तिसरे कोण ते मी खुर्चीजवळ जायच्या आधीच ओळखलं होतं. उठून जावं असं मनात आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण म्हटलं, एकदा यांना ऐकू दे आणि मग जाऊ. आणि ते ज्या तऱ्हेने ऐकत बसले, त्यावरून निवडलं. नवरा म्हणून नाही, नट म्हणून. तिघांत फक्त यांनाच ऐकता येत होतं, ही गोष्ट मला नवीन होती.

तर काल. वाऱ्याचं वाक्य बिनबोभाट पार पडलं. तो प्रसंग आला, दिवे मंद झाले, यांनी रुमाल घेतला. मी बोलू लागले. लोक हसत होते, मग थांबले, इतके शांत झाले की मला माझ्या बांगड्या ऐकू येत होत्या. किती वर्षं या शांततेची वाट पाहिली ते तुला सांगून कळायचं नाही. मला खूप बरं वाटलं रे. मी चष्मा लपवण्याच्या वाक्यावर परत आले, ते शेवटी पुन्हा एकदा येतं, तिथे कुणी हसत नाही, ती जागा रडण्याची आहे. आणि तिथे तुझे वडील रुमालाखाली हसले. हळू नाही, चांगलं पोटातून, एखाद्याला घरचं काही आठवावं तसं. सगळं नाट्यगृह त्यांच्यामागे हसलं. माझं पुढचं वाक्य त्या हशात बुडालं. कशीबशी मी ते पुरं केलं. टाळ्या थांबेनात, ताई विंगेत नाचत होती, मॅनेजरनी दोनदा पडदा उघडला. पण मी तापले होते.

घरी निघालो तेव्हा पहिल्यांदाच एका रस्त्याने निघालो, मागेपुढे. कोपऱ्यावर मी थांबले आणि त्यांना म्हटलं की झोपलेला माणूस हसतो का? माझ्या जागेवर हसायला तुम्हाला सांगितलं कुणी? सरळ तोंडावर म्हटलं. बोलून गेल्यावर माझं मलाच कळलं. तेही जागच्या जागी उभे राहिले. मागून येणारे औषधवाल्या बाई आणि सलूनवाले रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

मग ते म्हणाले की म्हातारा झोपलेला असेल, मी जागा होतो. मी म्हटलं, नाटकात असं चालत नाही. ते म्हणाले, मग ते वाक्य इतकं चांगलं म्हणायचं नाही. मी म्हटलं, आता माझंच चुकलं का? इथून जे सुरू झालं ते दारापर्यंत, दारातून स्वयंपाकघरापर्यंत. चहा उकळून आटून गेला, दुसरा ठेवला, तोही आटला. गेल्या वेळचंही सगळं काढलं, मी काही शिल्लक ठेवलं नाही. ते मधेच म्हणाले की त्या दिवशी मी तुला जे म्हणालो ते फार वाईट होतं. मी म्हटलं, हो, होतं. आणि मग मला रडू आलं, आणि तेही काही कमी नव्हते.

उद्याच्या प्रयोगाला हसणार नाही असं त्यांनी कबूल केलंय. आज सकाळपासून म्हणताहेत की थोडं हसलं तर काय बिघडतं. माझा विश्वास नाही. ताईने मला येऊन विचारलं की तुझ्या वडिलांना काही निरोप सांगायचाय का, आणि मी नाही म्हटलं तर बिचारी तशीच हात हलवत उभी राहिली.

दोघं लवकर येऊन जा. तुमच्यावर जीव आहे, तो आहेच. आणखी लिहिणार होते, पण ते मघापासून वरून काहीतरी विचारताहेत, आणि मी उत्तर दिलं नाही तर खाली येतील.

तुझी,
आई